ग्राफिक्स कार्डाचा स्कोअर रोज वेगळा येतोय? ड्रायव्हरला दोष देण्याआधी हे करून बघा

जळगावचं गोलाणी मार्केट असो, नंदुरबार-धुळ्याकडच्यांसाठी सुरत असो, नाहीतर मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून आलेला जुना माल असो; ग्राफिक्स कार्ड घरी आलं की पहिला उद्योग बेंचमार्क, म्हणजे कार्डाची ताकद मोजून आकडा देणारी चाचणी, चालवण्याचा. सकाळी एक आकडा येतो, दुपारी त्याहून कमी, ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाष्या प्रोग्रॅम, अपडेट केल्यावर तिसराच. मग मित्रमंडळीत निकाल लागून मोकळा होतो: 'जुना ड्रायव्हरच बरा व्हता भो.'

असेलही बरा. ड्रायव्हरने स्कोअर खरोखर बदलतो, कधीकधी भरपूर बदलतो. पण दोन रन (चाचणीच्या फेऱ्या) आणि दोन आकडे एवढ्यावरून ते कळत नाही. बेंचमार्कचा आकडा एकट्या कार्डाचा नसतो. त्यात ड्रायव्हर असतो, विंडोजची सेटिंग असते, मागे गुपचूप चाललेलं अपडेट असतं आणि खोलीतली हवाही असते. आपल्याकडे हिवाळ्यात दहाच्या आसपास उतरणारा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो, त्यामुळे ही शेवटची गोष्ट खानदेशात विसरून चालत नाही. डिसेंबरात जुन्या ड्रायव्हरवर काढलेला स्कोअर मे महिन्यातल्या नव्या ड्रायव्हरच्या स्कोअरशी ताडून बघणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं.

खाली दिलेला क्रम पाळा. आधी कार्डाची ओळख, मग खोली आणि मशीन, मग आपल्याच आकड्यांची हेलकाव्याची सवय, आणि ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

पायरी १: कार्ड तेच आहे ना?

जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा फुकटचा छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्या. कार्ड सेकंडहँड असेल तर हे आधी, बाकी सगळं नंतर. जुन्या, कमी ताकदीच्या कार्डाचं बायॉस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारा आतला छोटा प्रोग्रॅम, बदलून ते नव्या नावाने विकण्याचा धंदा बरीच वर्षं चालू आहे. जीटीएस ४५० सारखी कार्डं जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवली गेली आहेत. असं ओळखू आलेलं कार्ड जीपीयू-झेड नावाआधी 'फेक' असा शब्द लावून दाखवतो.

खोटेपणा नसतानाही फसगत होते, कारण कंपन्याच एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकतात. जीटी १०३० चं जीडीडीआर५ मेमरीचं कार्ड सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवू शकतं आणि त्याच नावाचं डीडीआर४ चं कार्ड जेमतेम १६.८ जीबी. जीटीएक्स १०६० च्या ६ जीबी कार्डात १२८० कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे घटक, आहेत, ३ जीबीच्या कार्डात ११५२. म्हणजे फरक फक्त मेमरीचा नाही. लॅपटॉपमध्ये तर आणखी गोंधळ: आरटीएक्स ४०६० लॅपटॉप चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेली असू शकते. मित्राच्या लॅपटॉपवर त्याच नावाची चिप दीडपट स्कोअर देत असेल तर आधी दोघांचे वॅट बघा.

त्याच खिडकीत 'बस इंटरफेस' अशी एक ओळ असते. कार्ड रिकामं बसलेलं असताना तिथे मदरबोर्डशी असलेली जुनी, संथ पीसीआय जोडणी दिसते आणि नवखे घाबरतात. वीज वाचवण्यासाठी कार्ड तसं करतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी लावली की खरा वेग दिसतो. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड मात्र पीसीआयच्या चारच लेनवर, म्हणजे डेटाच्या चार वाटांवर, चालतं. जुन्या, पीसीआय थर्ड जनरेशनच्या मदरबोर्डवर लावलं की त्याचा रस्ता निम्मा होतो. तो तोटा कुठल्याही ड्रायव्हरने भरून निघणार नाही.

पायरी २: खोली, धूळ, वीज

कार्डाचा घड्याळवेग, म्हणजे क्लॉक, स्थिर नसतो. आजची कार्डं तापमान आणि वीज बघून तो क्षणाक्षणाला वरखाली करतात. एनव्हिडियाच्या कार्डांवर थोडं तापमान वाढलं तरी क्लॉक एकेक छोटी पायरी खाली उतरतो, आणि तिच्या अनेक जीफोर्स कार्डांना कंपनीनेच ८३ अंशांची मर्यादा घालून दिलेली असते. तिथे पोचल्यावर तो ठळकपणे पडतो. फॅनचा वेग आणि भार तोच ठेवला तर खोली जितके अंश तापेल साधारण तितकेच अंश कार्डही तापतं. शिवाय तापलेली चिप त्याच कामाला जास्त वीज खाते, त्यामुळे विजेची मर्यादाही लवकर गाठली जाते. भुसावळात एप्रिलच्या दुपारी वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली घेतलेला रन आणि पहाटे पाचला घेतलेला रन यांत त्याच ड्रायव्हरवर फरक दिसला तर त्यात नवल काही नाही.

म्हणून चाचणीची वेळ ठरवून घ्या. उन्हाळ्यात सकाळी लवकर. कूलर चालू ठेवून एक ड्रायव्हर तपासलात तर दुसराही कूलर चालू ठेवूनच तपासा, आणि कूलरचं तोंड कॅबिनेटकडे करू नका. पाण्याचे तुषार आत गेले तर बेंचमार्क हा विषयच संपतो. घरात साधा थर्मामीटर असेल तर खोलीचं तापमान प्रत्येक रनसमोर लिहा. कार्डाचा आकडा ६८ आला की ७४, याला खोलीचा आकडा शेजारी असल्याशिवाय अर्थ नाही.

कपाशीचा हंगाम चालू झाला की जिनिंगच्या आसपासच्या घरांत बारीक तंतू उडत असतात. हे तंतू साध्या धुळीपेक्षा वाईट, कारण ते हीटसिंकच्या पात्यांत अडकून त्यावर धुळीचा नमदा बसतो. मशीन बंद करून, वायर काढून, ब्लोअरने साफ करा. फॅन बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने गरगर फिरू देऊ नका. साफ केल्यावर जुने सगळे आकडे बाद समजा आणि नव्याने सुरुवात करा.

विजेबद्दल आपल्याकडे एक समजूत पक्की आहे: व्होल्टेज कमी, म्हणून स्कोअर कमी. डेस्कटॉपच्या बाबतीत हे सहसा खरं नसतं. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, आतला पुरवठा सांभाळून घेतो. त्याला झेपलं नाही तर मशीन रीस्टार्ट होतं किंवा स्क्रीन काळी होते, स्कोअर दोन टक्क्यांनी हळूच कमी होत नाही. शेतातले पंप चालू झाल्यावर मशीन बंद पडत असेल तर चांगला एसएमपीएस आणि यूपीएस घ्या, पण त्याचा ड्रायव्हरशी संबंध जोडू नका. लॅपटॉपचं वेगळं आहे. बॅटरीवर किंवा कमी वॅटच्या चार्जरवर त्याच्या चिपला मिळणारी वीजच कापली जाते. लॅपटॉप नेहमी मूळ चार्जर लावूनच तपासा, आणि निर्मात्याच्या ॲपमधला मोड, सायलेंट की परफॉर्मन्स, हेही टिपून ठेवा.

पायरी ३: कशाने मोजायचं

थ्रीडीमार्क या बेंचमार्कची फुकट आवृत्ती स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात मिळते. त्यातली टाइम स्पाय ही चाचणी २०१६ ची, स्टील नोमॅड २०२४ ची. कार्ड जुनं असेल तर पहिली पुरे. तिच्यात शेवटी दोन-तीन आकडे येतात. आपल्याला फक्त ग्राफिक्स स्कोअर बघायचा आहे. एकूण स्कोअरमध्ये प्रोसेसरचा वाटा मिसळलेला असतो, आणि इंटरनेटवरच्या आकड्यांशी तुलना करताना बहुतेकांची गफलत इथेच होते. युनिजिनची सुपरपोझिशन हाही चांगला पर्याय. फरमार्क तुलनेसाठी वापरू नका. तो कार्ड तापवण्यासाठी आहे, आणि ड्रायव्हर त्याला ओळखून कार्डाला आवर घालू शकतो.

सोबत एक खरा खेळ घ्या, ज्यात स्वतःची बेंचमार्क चाचणी आहे असा. खेळाचं अपडेट मध्येच उतरलं तर दोन्ही बाजूंचे आकडे जुळणार नाहीत, म्हणून चाचणी संपेपर्यंत स्टीम ऑफलाइन ठेवा. व्ही-सिंक (स्क्रीनच्या वेगाशी फ्रेम जुळवणारी सेटिंग) आणि एफपीएसची, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याची, मर्यादा काढून टाका. नाहीतर दोन्ही ड्रायव्हरवर तंतोतंत ६० एफपीएस येतील आणि तुम्ही म्हणाल की काहीच फरक नाही. डीएलएसएस, एफएसआर, फ्रेम जनरेशन ही वेग कृत्रिमरीत्या वाढवणारी तंत्रं सगळी बंद. विंडोज ११ मधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सेटिंग चालू असेल तर दोन्ही वेळा चालू राहू द्या. चार एफपीएससाठी सुरक्षेचं दार उघडं ठेवू नका.

एक साधी गोष्ट राहून जाते. रॅमची एकच पट्टी असेल किंवा मदरबोर्डच्या बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद असेल तर खेळातले एफपीएस पडतात, आणि कार्ड विनाकारण बदनाम होतं.

पायरी ४: आधी आपला हेलकावा मोजा

अख्ख्या लेखातली ही पायरी सगळ्यांत कंटाळवाणी आहे आणि हीच लोक गाळतात.

काहीही न बदलता, त्याच ड्रायव्हरवर, एकामागून एक रन घ्या. मशीन सुरू केल्यावर दहा मिनिटं थांबा, म्हणजे विंडोजची मागची कामं उरकतील. पहिला रन टाकून द्या. त्या वेळी कार्ड थंड असतं, त्यामुळे आकडा फुगतो. उलट खेळात पहिल्यांदा शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असतात, त्यामुळे तो अडखळतो. दोन्ही बाजूंनी तो आकडा बेभरवशाचा. त्यानंतरचे तीन रन लिहून घ्या आणि चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या.

समजा ७५४०, ७५८० आणि ७६२० असे आकडे आले. मधला ७५८०, आणि सर्वांत वरच्या-खालच्यात ८० चा फरक, म्हणजे साधारण एक टक्का. हा तुमच्या मशीनचा नेहमीचा हेलकावा. आता नव्या ड्रायव्हरवर मधला आकडा ७६१० आला. वाढ अर्ध्या टक्क्याहूनही कमी. याला वाढ म्हणायचंच नाही. हेलकाव्याच्या आत जे येतं ते सोडून द्यायचं. नवा मधला आकडा ७९०० आला असता तर मात्र बोलण्यासारखं काही आहे. आणि एकाच ड्रायव्हरवर तुमचे आकडे तीन टक्क्यांहून जास्त डोलत असतील तर पुढे जाऊ नका. कुठेतरी ताप, धूळ किंवा मागचं एखादं काम लुडबुड करतंय, ते आधी शोधा.

ते शोधायला जीपीयू-झेडच्या सेन्सर पानावर, एनव्हिडियाच्या कार्डासाठी, 'परफकॅप रीझन' अशी रंगीत पट्टी असते. क्लॉक का थांबला याचं कारण ती सांगते. 'पॉवर' दिसलं तर काळजी नको, पूर्ण भाराखाली बहुतेक कार्डं तिथेच येऊन थांबतात. 'थर्मल' दिसलं तर पायरी २ कडे परत जा. एएमडीच्या कार्डात हॉटस्पॉट, म्हणजे चिपच्या सर्वांत तापलेल्या जागेचं, वेगळं तापमान दिसतं. ते ९५ च्या वर बघून धस्स होतं, पण आरएक्स ५७०० एक्सटीच्या वेळी ११० अंशांपर्यंतचा हॉटस्पॉट ठरलेल्या मर्यादेतला असल्याचं एएमडीनेच सांगितलं होतं. सरासरी तापमानाशी त्याची गल्लत करू नका.

ड्रायव्हर नेमकं काय बदलतो

खेळ कार्डाशी थेट बोलत नाही. तो डायरेक्टएक्स किंवा व्हल्कन अशा ठरलेल्या भाषेत हुकूम सोडतो आणि ड्रायव्हर ते चिपच्या भाषेत उतरवतो, शेडर कंपाइल करतो, मेमरीत काय कुठे ठेवायचं ते ठरवतो. डायरेक्टएक्स ११, त्याआधीच्या आवृत्त्या आणि ओपनजीएल यांत ड्रायव्हरच्या हाती पुष्कळ असतं. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये बरीच जबाबदारी खेळाकडे गेली. म्हणून एकाच ड्रायव्हरने जुना खेळ उडायला लागतो आणि नव्यात ढिम्म फरक पडत नाही, असं होऊ शकतं.

इंटेलचं उदाहरण बघा. आर्क ए७५० आणि ए७७० ही कार्डं ऑक्टोबर २०२२ मध्ये आली तेव्हा डायरेक्टएक्स ९ च्या जुन्या खेळांत फारच मागे होती. कार्ड तेच राहिलं, ड्रायव्हर बदलत गेले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये इंटेलने अशा खेळांत सरासरी ४३ टक्के वाढ झाल्याचं सांगितलं. ती वाढ चिपमधून आली नव्हती. एएमडीने २०२२ च्या २२.७.१ ड्रायव्हरमध्ये ओपनजीएलचा भाग सुधारला आणि माइनक्राफ्टसारखे खेळ एकदम पळायला लागले. म्हणजे २०२२ मधला एखादा तुलनेचा व्हिडिओ बघून आज आर्क किंवा एएमडीच्या रेडिऑनबद्दल मत बनवाल तर ते शिळं मत असेल. व्हिडिओत ड्रायव्हरची आवृत्ती सांगितलीच नसेल तर तो आकडा मी तरी धरत नाही.

उलट दिशेचेही दाखले आहेत. २०१० मध्ये एनव्हिडियाने १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घेतला, कारण त्याने काही कार्डांचे फॅन नीट चालत नव्हते आणि कार्डं तापत होती. २०२५ च्या ५७६.०२ मध्ये मशीन स्लीपमधून उठल्यावर तापमानाचा आकडा बदलायचाच थांबायचा. अशा वेळी तापमान दाखवणारा प्रोग्रॅम बघून 'कार्ड किती थंड आहे' म्हणणारा फसणारच. त्यानंतर दुरुस्तीचा हॉटफिक्स आला. चाचणीआधी मशीन स्लीपमधून न उठवता सरळ रीस्टार्ट करा, हा नियम म्हणूनच.

आणि थोडी लबाडीही झालेली आहे. २००१ मध्ये एटीआय या (पुढे एएमडीत गेलेल्या) कंपनीच्या रेडिऑन ८५०० च्या ड्रायव्हरला क्वेक ३ हा खेळ नावावरून कळायचा. फाइलचं नाव 'क्वॅक' केलं की वेग आणि चित्र दोन्ही बदलायचं. २००३ मध्ये थ्रीडीमार्क०३ बनवणाऱ्या फ्यूचरमार्कने एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये चाचणीपुरत्या केलेल्या खटपटी पकडल्या. ती वाट बंद करणारा पॅच लावल्यावर जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचा स्कोअर २४.१ टक्क्यांनी घसरला. स्कोअर वाढला की चित्राकडेही एक नजर टाकायची सवय लावून घ्या: सावल्या गायब आहेत का, लांबचा पोत धुरकट झालाय का.

पायरी ५: ड्रायव्हर बदलण्याची रीत

आधी सध्याची आवृत्ती लिहून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियाचा आकडा ३२.०.१५.६०९४ असा विचित्र दिसतो. त्यातले शेवटचे पाच अंक घ्या, ५६०.९४, हा खरा ड्रायव्हर. जुना आणि नवा, दोन्ही फाइल आधीच उतरवून ठेवा. एनव्हिडियाची एकेक फाइल अर्ध्या जीबीहून मोठी असते, ऐन वेळी मोबाइलच्या नेटवर ताटकळत बसाल. फाइल कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. लॅपटॉप असेल तर निर्मात्याच्या साइटवरचा ड्रायव्हरही एक हाताशी असू द्या.

आता नेट तोडा. वाय-फाय बंद, केबल असेल तर काढा. नाहीतर तुम्ही जुना ड्रायव्हर काढताक्षणी विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा कुठलातरी टाकून मोकळं होतं, आणि तुम्हाला वाटतं आपण नवाच तपासतोय.

विंडोज सेफ मोडमध्ये (कमीतकमी ड्रायव्हरवर) सुरू करून डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, चालवा आणि 'क्लीन अँड रीस्टार्ट' दाबा. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर सेफ मोडला जाताना तो रिकव्हरी की मागू शकतो. ती आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेवा. मग नवा ड्रायव्हर बसवा, पुन्हा रीस्टार्ट करा. एरवीच्या अपडेटला डीडीयूची गरज नसते, एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमधली 'क्लीन इन्स्टॉलेशन' ही खूण पुरते. तुलना करायची असेल तेव्हाच हा सगळा खटाटोप.

असा पूर्ण पुसून ड्रायव्हर बदलला की त्याच्या पॅनेलमधली सेटिंग मूळपदावर जातात. तुम्ही कधीतरी टेक्स्चर फिल्टरिंग 'परफॉर्मन्स'वर ठेवलं असेल, किंवा एएमडीमध्ये सुपर रेझोल्यूशन चालू केलं असेल, तर नवा ड्रायव्हर 'हळू' वाटेल. ड्रायव्हर हळू झालेला नसतो, तुमची जुनी सवलत गेलेली असते. दोन्ही ड्रायव्हरवर मूळ सेटिंग ठेवूनच मोजा. आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये ओव्हरक्लॉक, म्हणजे मुद्दाम वाढवलेला क्लॉक, असेल तर तोही काढा.

शेडरचा साठाही पुसला गेलेला असतो, म्हणून पहिला रन इथेही टाकून द्यायचा. खेळात तर एकदा पूर्ण चाचणी होऊ द्यायची. मग तीन रन, मधला आकडा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: जुना ड्रायव्हर परत टाका आणि पुन्हा तीन रन घ्या. जुन्याचा पहिला आकडा आणि हा परतीचा आकडा जुळले, आणि नवा दोन्हींपासून हेलकाव्याबाहेर लांब राहिला, तर फरक ड्रायव्हरचा आहे. परतीचाच आकडा घसरला असेल तर दरम्यान खोली तापलेली आहे किंवा काहीतरी दुसरंच बदललंय. यात अर्धा दिवस जातो, पण याहून लहान वाट मला माहीत नाही.

पायरी ६: सरासरीत अडकू नका

दोन ड्रायव्हरवर सरासरी ७२ एफपीएस येऊनही एकावर खेळ लोण्यासारखा आणि दुसऱ्यावर झटके देणारा असू शकतो. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात; मध्येच एखादी फ्रेम ५० घेते तेव्हा डोळ्याला हिसका बसतो, सरासरीला पत्ताही लागत नाही. कॅपफ्रेमएक्स हे फुकटचं साधन फ्रेमचा वेळ टिपतं आणि 'वन परसेंट लो', म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस, काढून देतं. ड्रायव्हरमधल्या बऱ्याच बिघाडांचा माग इथेच लागतो. सरासरी तीच पण वन परसेंट लो प्रत्येक रनला घसरलेला असेल, तर मी बिनदिक्कत जुन्यावर परत जाईन.

दीर्घ वेळ खेळताना कार्ड टिकतं का हे बघायला थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट आहे, पण ती पैसे भरलेल्या आवृत्तीत मिळते. तीच चाचणी वीस वेळा चालते आणि ९७ टक्के स्थिरता आली तर पास. मे महिन्यात नापास आणि जानेवारीत पास झालात तर कॅबिनेटला फॅन जोडा.

जुन्या कार्डवाल्यांसाठी

आपल्याकडे जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० अजून जिकडेतिकडे आहेत. ही पास्कल पिढीची कार्डं. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कलसाठी गेम रेडी, म्हणजे नव्या खेळांसाठी सुधारलेले, ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच जाहीर केले. त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेचे अपडेट. नव्या ड्रायव्हरने स्कोअर वाढेल ही आशा या कार्डांनी सोडावी. तुमच्या तीन रनमध्ये जो गेम रेडी ड्रायव्हर सगळ्यात स्थिर ठरला त्याची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, फाइलच्या नावात तारीख आणि मधला आकडा लिहा. सुरक्षेचा अपडेट आला की तो बसवा, तीन रन घ्या, आणि आकडा हेलकाव्याच्या आत असेल तर तोच राहू द्या. जीटीएक्स १६५० वाल्यांना हे लागू नाही. ते कार्ड ट्युरिंग पिढीचं आहे.